धरतीपकड

आमची आजी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायची. निवडणुका आल्या की मात्र तिचा आवाज बारीक व्हायचा. ‘अमक्याने तमक्याला धूळ चारली’, ‘तालुक्यात काट्याची टक्कर’, ‘बालेकिल्ल्याला खिंडार’, ‘शेवटच्या फेरीत अस्मान दाखवले’, एवढं वाचून झालं की ती चष्मा काढायची आणि विचारायची, “मेली किती रे?”

कोणी मेलं नाही, नुसती मतं मोजली, असं सांगितलं तर तिला ते पटायचं नाही. एवढी हाणामारी झाली आणि शेवटी काय, तर बोटाला शाई! पुढे मी वाणिज्य शाखेचा पदवीधर झालो, बँकेत चिकटलो, पण आजीच्या त्या शंकेचं निरसन काही माझ्याच्यानं झालं नाही.

वास्तविक ही सगळी भाषा आपण आखाड्यातून उचलून आणली आहे. उमेदवार दंड थोपटतात, शड्डू ठोकतात, एकमेकांना चितपट करतात. दोन्ही बाजूंनी आधीच ठरवून ठेवलेली लढत असेल तर ती नुरा कुस्ती. गावच्या जत्रेत पहिल्यांदा पोराटोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या होतात, मग नारळाच्या, आणि दिवस कलला की मोठ्या इनामाच्या. निवडणुकीतही ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत हीच चढण. फरक एवढाच, की जत्रेत हरलेल्या पोराच्या पाठीवर पंच थाप मारतो आणि एखादी रेवडी त्याच्याही हातावर ठेवतो. निवडणुकीत हरलेल्याच्या हातची रेवडी सरकार काढून घेतं.

आखाड्यातलाच आणखी एक शब्द आहे, आणि तो मला सगळ्यांत आवडतो. धरतीपकड. कुस्तीत पाठ टेकली की खेळ खलास. म्हणून काही मल्ल पोटावर पडतात आणि मातीला असे चिकटतात, की वरच्याला ते उलटवताच येत नाहीत. जिंकत तर नाहीत, पण चीतही होत नाहीत. वरचा घामाघूम, प्रेक्षक वैतागलेले, आणि हा खाली निवांत. असा तो धरतीपकड.

या जातीबद्दल मला आपुलकी वाटते त्याला कारण आहे. कॉलेजात असताना मीही वर्गप्रतिनिधीच्या निवडणुकीला उभा होतो. मला तीन मतं पडली. त्यातलं एक माझं. दुसरं माझ्या बाकावर बसणाऱ्या मित्राचं. तिसरं कोणी दिलं याचा शोध मी अजून घेतो आहे, कारण निकालानंतर वर्गातल्या सुमारे वीस जणांनी मला वेगवेगळं गाठून सांगितलं होतं, की ते तिसरं मत आपलंच.

असो. पुढे माझी डहाणूला बदली झाली आणि तिथून आठवड्यातले दोन दिवस तलासरीच्या शाखेत माणूस कमी म्हणून मला पाठवायला लागले. तलासरी म्हणजे महाराष्ट्राचा दरवाजा. पुढे अच्छाडचा नाका ओलांडला की गुजरात. हमरस्त्यावरून ट्रक धडधडत जातात आणि काउंटरवरच्या टाचण्या आपोआप जागा बदलतात. अशाच एका निवडणुकीच्या वर्षी एक वारली गृहस्थ काउंटरवर आले. पासष्टीच्या आसपासचे, पांढरा सदरा, खांद्यावर टॉवेल, हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेलं पासबुक. त्यांना आवर्ती ठेव मोडायची होती. दरमहा शंभर रुपये, पाच वर्षांची. मुदतीला थोडेच महिने उरले होते.

“काका, थोडं थांबा की. पूर्ण व्याज मिळेल,” मी म्हणालो.

“थांबता येत नाही. अनामत भरायचीय.”

“कसली? लाइटच्या मीटरची?”

“निवडणुकीची.”

मी पेन खाली ठेवलं. लग्नासाठी, बैलासाठी, कौलांसाठी, बाळंतपणासाठी मोडलेल्या ठेवी मी पुष्कळ पाहिल्या होत्या. एक अनामत भरण्यासाठी दुसरी ठेव मोडणारा खातेदार मला पहिल्यांदाच भेटत होता. मागच्या खेपेलाही त्यांनी असंच केलं होतं म्हणे, आणि त्याच्या मागच्या खेपेलाही.

“आणि परत मिळाली का?”

“नाही. ती कुठली मिळते?” रेल्वेची वेळ सांगावी इतक्या शांतपणे ते म्हणाले.

आता ठेवींच्या टेबलावर उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाच्या नात्यानं मला या अनामत प्रकाराविषयी दोन शब्द बोलणं भाग आहे. अशी विचित्र ठेव आमच्या कुठल्याही योजनेत नाही. तिच्यावर व्याज नाही, तिच्यावर कर्ज मिळत नाही, तिचं नूतनीकरण होत नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ चा. त्यात लोकसभेसाठी पाचशे आणि विधानसभेसाठी अडीचशे रुपये ठरले, अनुसूचित जातिजमातींना निम्मे. पडलेल्या उमेदवाराला ती परत हवी असेल तर एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं पाहिजेत. बरोबर एक षष्ठांश मिळाली तरी चालत नाहीत, एखादं तरी वर पाहिजे. म्हणजे शंभरात सुमारे सतरा. शाळेत पस्तीस मार्कांना पास करतात, तेव्हा अट तशी कडक नाही. तरीसुद्धा पहिल्याच निवडणुकीत, १९५१-५२ साली, लोकसभेच्या १,८७४ उमेदवारांपैकी ७४५ जणांच्या अनामती जप्त झाल्या. त्या काळी पाचशे रुपये म्हणजे कारकुनाचे कित्येक महिन्यांचे पगार. लोकशाहीचा नारळच असा फुटला म्हणायचा.

त्या निवडणुकीत पडलेल्यांना हसावं म्हटलं तर मात्र तोंड आवरतं घ्यावं लागतं. उत्तर मुंबईत स्वतः डॉ. बाबासाहेब आंबेडकर पडले. त्यांना हरवणाऱ्या नारायण काजरोळकरांचं नाव आज कोणी घेतं, ते याच एका कारणानं. १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही बाबासाहेब पडलेच. ज्यांनी राज्यघटना लिहिली त्यांनाच तिच्यातून लोकसभेत जाता आलं नाही. तेव्हा पडणाऱ्यांच्या रांगेत उभं राहणं म्हणजे काही वाईट संगत नव्हे.

पण या रांगेतल्या अस्सल धरतीपकडांना पाहायचं तर राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीकडे वळायला पाहिजे. सुरुवातीला तिथे अनामतच नव्हती. एक सूचक, एक अनुमोदक मिळाला की झालात तुम्ही राष्ट्रपतिपदाचे उमेदवार. फुकट म्हटल्यावर आपला माणूस कुठे मागे राहतो? १९५२ मध्ये राजेंद्रबाबूंसमोर लक्ष्मण गणेश थत्ते उभे होते. नावावरून तरी आपल्याकडचेच. राजेंद्रबाबूंना पाच लाखांवर मतं, थत्त्यांना २,६७२. त्यांच्याही खाली १,९५४ मतं घेऊन होते चौधरी हरीराम. हे हरीराम म्हणजे या क्षेत्रातले आद्यपुरुष. १९५७ ला उभे राहिले, पडले. १९६२ ला राधाकृष्णन यांच्यासमोर उभे राहिले, ६,३४१ मतं घेऊन पडले. माणसाला वाटलं असेल, आलेख तर चढता आहे. १९६७ साली त्यांना शून्य मतं मिळाली. १९६९ साली पुन्हा उभे! या वेळी १२५.

या मतांचंही एक गणित आहे, आणि ते वाणिज्य शाखेच्या माणसाला गुदगुल्या करणारं आहे. राष्ट्रपती आमदार-खासदार निवडतात आणि प्रत्येकाच्या मताला एक ठरलेली किंमत असते. त्या वेळी खासदाराच्या मताची किंमत होती ५७६. त्या १९६९ च्या निवडणुकीत बाबूलाल मग नावाच्या उमेदवाराला बरोबर ५७६ मतं मिळाली. म्हणजे अख्ख्या देशात नेमका एक खासदार! आणि हरीरामांची १२५ म्हणजे बहुधा कुठल्यातरी राज्यातला एकच आमदार. कोण असेल हो हा माणूस? माझ्या तिसऱ्या मतासारखंच हेही कोडं सुटण्यासारखं नाही.

१९६७ च्या निवडणुकीत सतरा जण होते. त्यांतल्या नऊ जणांना भोपळा. श्रीनिवास गोपाळ भांबूरकर यांना मात्र २३२ मतं, तेव्हा मराठी माणसाची अगदीच लाज गेली असं नाही. आणि १९६९ मध्ये तर तिसऱ्या क्रमांकावर साक्षात चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, देशाचे अर्थमंत्री, मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली मंत्रिपद सोडणारे. त्यांची गणना मी धरतीपकडांत करत नाही, पाप लागेल. पण गिरी आणि रेड्डी यांच्या झटापटीत त्यांना १,१२,७६९ मतांवर थांबावं लागलं. एकेकाळी देशातल्या नोटांवर ज्यांची सही होती त्यांची ही गत, तर माझ्यासारख्या नोटा मोजणाऱ्यानं तीन मतांचं दुःख किती करायचं?

सरकारला हे फार दिवस पाहवलं नाही. १९७४ साली राष्ट्रपतिपदासाठी अडीच हजारांची अनामत आली, दहा सूचक आणि दहा अनुमोदक आले. त्या वर्षी सतरा नाही की पंधरा नाही, फक्त दोन उमेदवार उरले.

तरीही खरा धरतीपकड त्यातूनही निसटलाच. काका जोगिंदरसिंग. मूळचे फाळणीपलीकडच्या गुजरांवाल्याचे, इकडे बरेलीत कापडाचा धंदा. १९६२ पासून मिळेल ती निवडणूक लढवायची आणि हरायची हा त्यांचा नेम. तीनशेवर निवडणुका ते हरले. लोकांनी त्यांना ‘धरतीपकड’ हीच पदवी देऊन टाकली. ही पदवी इतकी लोकप्रिय झाली की भागलपूरचे नागरमल बाजोरिया, भोपाळचे मोहनलाल असे आणखी धरतीपकडही निघाले. जोगिंदरसिंग प्रचार करत नसत. जप्त झालेली अनामत ही आपण देशाच्या तिजोरीत घातलेली भर आहे असं ते सांगत. १९९२ साली शंकर दयाळ शर्मा यांच्याविरुद्ध राष्ट्रपतिपदालाही उभे राहिले आणि त्यांना १,१३५ मतं मिळाली. १९९८ मध्ये ते गेले. आयुष्यभरात सरकारजमा केलेल्या त्यांच्या अनामतींची बेरीज एखाद्या हिशेबनिसानं करायला हवी होती. आम्ही ठेवीदाराला दिवाळीला निदान कॅलेंडर तरी देतो.

इकडे लोकसभेची अनामत मात्र तीच, पाचशे रुपये. १९५१ पासून १९९६ पर्यंत सगळं महागलं, फक्त पडणं स्वस्त राहिलं. मग व्हायचं तेच झालं. १९९६ च्या लोकसभेला १३,९५२ उमेदवार! आपल्या बेळगावात एका जागेला ४५६ जण, कारण सीमाप्रश्नाकडे दिल्लीचं लक्ष जावं म्हणून मराठी माणसं शेकड्यांनी उभी राहिली. हे पडणं निराळं. इथे जिंकायचं नव्हतंच, मतपत्रिका लांबवायची होती. तामिळनाडूत मोडाकुरिची नावाच्या विधानसभा मतदारसंघात शेतकऱ्यांनी यावर कडी केली. १,०३३ उमेदवार. मतपत्रिकेची पुस्तिका छापावी लागली. त्यांतल्या ८८ जणांना शून्य मतं, म्हणजे स्वतःचंही नाही. आमच्या वर्गाची निवडणूक त्या मानानं फारच सभ्य म्हणायची.

त्याच वर्षी कायदा बदलला. लोकसभेची अनामत दहा हजार, विधानसभेची पाच हजार, अपक्षाला दहा सूचक. पुढच्याच १९९८ च्या निवडणुकीत उमेदवार उरले ४,७५०. २००९ च्या कायदादुरुस्तीनं लोकसभेला पंचवीस हजार आणि विधानसभेला दहा हजार. अनुसूचित जातिजमातींना आजही निम्मे, म्हणून आमच्या काकांना पाच हजार.

एवढ्यावरही जे उरले ते खरे वस्ताद. तामिळनाडूत मेट्टूरचे टायर दुरुस्त करणारे के. पद्मराजन १९८८ पासून उभे राहताहेत, २०२४ पर्यंत सव्वादोनशेच्या वर वेळा पडले. पुण्याचे विजयप्रकाश कोंडेकर वीजमंडळातून निवृत्त झालेले. २०१९ साली त्र्याहत्तराव्या वर्षी ते उघड्या अंगानं, स्वतःच्या प्रचाराची गाडी स्वतः ओढत पुण्याच्या रस्त्यांवरून फिरत होते. त्याआधी चोवीस पराभव जमेला. त्यांचं चिन्ह बूट, आणि प्रत्येक नागरिकाला सतरा हजार रुपये देण्याचं त्यांचं आश्वासन होतं. लोक हसले. पण त्यांची एक तक्रार मला रास्त वाटते. मतपत्रिकेवर आधी मान्यताप्राप्त पक्ष, मग नुसते नोंदलेले पक्ष, आणि अपक्ष तळाला. अपक्षांची नावं वर घ्या, असं त्यांचं म्हणणं. बँकेत टोकनचा क्रमांक असा लावला असता तर मॅनेजरच्या केबिनची काच उरली नसती.

आता अपक्षांच्याही खाली आणखी एक बसला आहे, तो म्हणजे नोटा. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं २०१३ साली आला. त्याला ना अनामत, ना सूचक. आमच्या पालघर लोकसभेत २०१९ साली त्याला २९ हजारांहून जास्त मतं पडली. लातूर ग्रामीणमध्ये तर त्याच वर्षी विधानसभेला तो चक्क दुसरा आला. हाडामांसाच्या धरतीपकडाला आता अशा कोणाकडून हरावं लागतं, की जो उभाच राहिलेला नाही.

काकांना मी हे सगळं एकदा ऐकवलं. निकालानंतरचा आठवडा होता. ते अर्थातच पडले होते; मतं शेकड्यांत. पासबुक भरून घ्यायला आले होते आणि नेमका प्रिंटर बंद होता, त्यामुळे आमच्या दोघांकडेही वेळ होता. त्यांनी पिशवीतून पासबुकाबरोबर एक घडी केलेला कागद काढला. नमुना मतपत्रिका. तळाकडे त्यांचं नाव, फोटो आणि चिन्ह.

“शिट्टी मागितली होती,” ते म्हणाले. “दिली फुलकोबी. पाड्यावर गेलो तर बाया विचारतात, भाजी कशी दिली?”

मी हसलो. तेही हसले. मग मी माझी नेहमीची कारकुनी शंका काढली. “काका, दर महिन्याचे शंभर रुपये. पाच वर्षं. त्यात घराला पत्रे झाले असते.”

“झाले असते,” ते म्हणाले, आणि बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसले. “माझा बाप लग्नगडी होता.”

डहाणू-तलासरीत राहून मला हा शब्द ठाऊक झाला होता. लग्नासाठी सावकाराकडून चार पैसे घ्यायचे आणि त्यापायी नवराबायकोनं त्याच्याकडे राबायचं, कधीकधी जन्मभर. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात हे सगळं लिहून ठेवलं आहे. इथलीच तलासरीतली झरी. २३ मे १९४५ ला तिथे हजारो वारली जमले आणि यापुढे वेठ करायची नाही असं त्यांनी ठरवलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला.

“मेली किती रे?” हा आजीचा प्रश्न तिथे विचारला असता तर त्याला उत्तर होतं. पाच.

“बापाचं नाव कुठे लिहिलेलं होतं सांगू?” काका म्हणाले. “सावकाराच्या वहीत. तेवढंच. दुसरीकडं कुठं नाही. शाळेत नाही, सातबारावर नाही. अंगठा आणि पुढं आकडा. तो आकडा काय ते त्याला वाचता येत नव्हता.” त्यांनी मतपत्रिकेवरच्या स्वतःच्या नावावर बोट ठेवलं. “हे सरकारनं छापलंय. तालुक्यातल्या सगळ्या शाळांत गेलं, सगळ्या मशिनींवर गेलं. ज्यानं मत दिलं नाही त्यानं पण वाचलं असंल की.”

“पण पडता ना दर वेळी?”

“पडतो. पडणाऱ्याचं नाव काय लहान छापतात?”

मी मतपत्रिका नीट पाहिली. सगळी नावं एकाच ठशाची होती. निवडून आलेल्याचंही तेवढंच.

प्रिंटर सुरू झाला. त्यांच्या पासबुकात जुनी ठेव मोडल्याची नोंद उमटली: मुदतीपूर्वी बंद, व्याज कमी. काकांनी ती बोटानं चाचपून पाहिली, मग सदऱ्याच्या खिशातून शंभराची नोट काढून काउंटरवर ठेवली.

“नवीन काढायची?” मी विचारलं.

“काढा.”

मी फॉर्म पुढे ओढला. वारसाच्या रकान्यात नातीचं नाव घातलं. ती दहावीत आहे म्हणाले. मुदत पाच वर्षं. सही त्यांनी सावकाश, एकेक अक्षर वळवून केली. उठताना ते थबकले आणि काचेच्या भोकाजवळ वाकून हळूच विचारते झाले,

“साहेब, सरकार मध्येच पडलं तर मोडता येईल ना?”